उजवा कप उलटा फिरतो

सुरुवातीलाच माफी मागतो. या दिवाळी अंकात दरवर्षी आपल्या कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं मी वाचत आलो आहे. कोणी तीस वर्षं टपाल वाटलेलं असतं, कोणी गावोगावी जाऊन बाळंतपणं केलेली असतात. माझ्याकडे तसं काही नाही. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेज सुटल्यावर चंद्रपुरात जुन्या सायकलींच्या एका दुकानात काम करतो. अकरावीला गोंडपिपरीकडून इथे शिकायला आलो तेव्हापासून. म्हणजे आता पाचवं वर्ष. एवढ्याशा कामावर लेख लिहिणं हा आगाऊपणा आहे. पण मराठीच्या मॅडम म्हणाल्या, तुझं काम कोणाला माहीत नाही, लिही. माझ्या घरी माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहून झाल्यावर कोणाला दाखवून दुरुस्त करून घ्यावं अशी सोय नाही. चुकलं असेल ते माझंच समजावं.

मॅडमना वाटतं आहे की मी सायकलींबद्दल लिहीन. मीही तसंच ठरवून बसलो होतो.

आमचं दुकान हमीदचाचांचं. पंक्चर काढायची दुकानं शहरात पुष्कळ आहेत. आमच्याकडे पंक्चरवाला आला तर चाचा त्याला समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतात. आमच्याकडे माणसं सायकल बांधायला येतात. बांधायला म्हणजे अक्षरशः. भंगारातून एखादी फ्रेम मिळवायची, कुठल्या कॉलनीत गंजत पडलेल्या सायकलीचं चाक आणायचं, तिसऱ्या ठिकाणचं हँडल, चौथ्या ठिकाणची सीट, आणि महिना-दोन महिने खपून त्यातून आपल्याला हवी तशी सायकल उभी करायची. दुकानाच्या आतल्या भिंतीवर खुंट्यांना अशा अर्धवट सायकली टांगलेल्या असतात आणि प्रत्येकीला मालकाच्या नावाची चिठ्ठी. रविवारी सकाळी हे सगळे मालक येतात. बँकेतले कारकून, माजरीच्या खाणीत डंपर चालवणारे दोघे, कॉलेजची पोरं, एक दाताचे डॉक्टर. चाचा त्यांना पाने देतात, जागा देतात, आणि कुठे अडलं तर मी किंवा चाचा हात लावतो.

नवीन माणूस पहिल्यांदा हेच विचारतो, की एवढ्या उपद्व्यापापेक्षा नवी सायकल का घेत नाही. डंपरवाल्यांपैकी एकानं एकदा हँडल पुसता पुसता उत्तर दिलं होतं, "नवी सायकल दुकानदाराची ऱ्हायते. हे माही हाय." मला ते फार आवडलं. पण मी तेव्हा ते वहीत लिहून ठेवलं नाही, कारण त्या वेळी माझी स्वतःची एकही सायकल नव्हती जिच्याबद्दल मला तसं म्हणता येईल. तिकडे येतोच.

गिऱ्हाइकांपैकी एकाबद्दल आधी सांगतो, कारण पुढे त्यांची गरज लागणार आहे. गेडामभाऊ वनरक्षक आहेत. तेव्हा ते मूल गावाच्या पुढे जंगलात नेमणुकीला होते आणि बीटवर फिरायला त्यांना बिनआवाजाची सायकल हवी होती. मोटरसायकलचा आवाज ऐकून लाकूडचोर पळतात असं त्यांचं म्हणणं. आम्ही मडगार्ड काढले, स्टँड काढला, कॅरिअरखाली ट्यूबच्या पट्ट्या कोंबल्या. मग राहिली ती मागच्या चाकाची टिकटिक. पायडल थांबवलं की जो आवाज येतो तो. फ्रीव्हीलच्या आत दोन बारीक खटके असतात, त्यांचा तो आवाज. आमच्यात त्या खटक्यांना कुत्रे म्हणतात. चाचा म्हणाले, कुत्र्यांना भुंकू द्यावं, तो त्यांचा धर्म आहे. पण गेडामभाऊंनी हट्टच धरला, तेव्हा आत जाड ग्रीस भरून कुत्रे गप्प केले. सायकल अशी झाली की मागून आली तरी कळणार नाही.

पंधरा दिवसांनी गेडामभाऊ कोपर सोललेलं घेऊन दुकानात हजर. एका वळणावर मोहाच्या झाडाखाली अस्वल पाठ करून फुलं खात बसलं होतं. त्याला काही ऐकू आलं नाही आणि भाऊंना काही दिसलं नाही. "अस्वल इकडं, मी तिकडं, आन् सायकल मधात," त्यांनी सांगितलं. "बावा, आता याले तुह्या दुकानातली सर्वात मोठी घंटी लाव." अशा रीतीनं चंद्रपूर जिल्ह्यातली सर्वात गुपचूप सायकल सर्वात मोठी घंटी लावून फिरू लागली. अजूनही फिरते.

आता चाचांच्या रिवाजाबद्दल. सायकल बांधून झाली की चाचा ती स्वतः चालवून बघतात. गुडघ्यानं अधू आहेत, तरी बसतात. दुकानापासून पाण्याच्या टाकीपर्यंत गल्ली सरळ आहे. दोन पायडल मारले की ते हँडल सोडतात आणि दोन्ही हात कुर्त्याच्या खिशात घालतात. सायकल टाकीपर्यंत सरळ गेली आणि वळून तशीच आली, तर ती पास. फ्रेम केसभर वाकडी असेल, पुढचं चाक धरणारा चिमटा एका अंगाला असेल, चाक मध्यावर नसेल, तर सायकल एका बाजूला ओढते आणि चाचांचा हात खिशातून बाहेर येतो. तो हात बाहेर आला की आपण काही विचारायचं नसतं. सायकल परत खुंटीवर जाते.

पास झाली तर चाचा ती उलटी करतात, लोखंडी पेटीतून अक्षरांचा पंच काढतात आणि फ्रेमच्या तळाशी, जिथे कोणाला दिसत नाही तिथे, बांधणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर ठोकतात. इंग्रजी अक्षर, कारण पंचांची पेटी इंग्रजी आहे. हातोड्याचा ठोका एकच. दोन ठोके मारले तर अक्षर दुहेरी उमटतं. बँकेतल्या कारकुनाच्या अक्षराच्या वेळी मी पाहिलं, तो पन्नाशीचा माणूस खाली बसून त्या एका अक्षरावरून बोट फिरवत होता.

पहिल्या दोन वर्षांत मला अक्षर मिळालं नव्हतं. दुसऱ्यांच्या सायकलींची अर्धीअधिक कामं मीच करायचो, पण स्वतः पहिल्यापासून बांधलेली सायकल पास झाली तरच अक्षर. माझी सायकल पहिल्या वेळी टाकीच्या अलीकडेच डावीकडे गेली. दुसऱ्या वेळी परत येताना. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती सायकल खुंटीवरून खाली आणि खालून खुंटीवर होत राहिली. सुटीत गावी गेलो की आई माझे हात उलटेपालटे करून बघायची. ती रोजानं धान रोवायला जाते, तिचे हात वर्षभर चिखलात. ती विचारायची, "कॉलेजातबी हात काळेच होतेत का रे?" मी सांगायचो की हे शिकायचे हात आहेत. पण काय शिकलो ते दाखवायला माझ्याकडे एक अक्षरही नव्हतं.

दुकानात सगळ्यांत वरच्या खुंटीवर एक फ्रेम होती. माजरीच्या खाणीच्या कॉलनीत कोणा बाहेरून आलेल्या साहेबानं टाकून दिलेली, परदेशी रेसिंग सायकलची. रंग उडालेला, पण वजनाला इतकी हलकी की एका बोटावर तोलता येई. चाचांनी ती विकली नाही, कोणाला बांधायला दिली नाही. कोणी मागितली तर म्हणायचे, ज्याचा हात बसेल त्याला देईन. दोन वर्षं मी झाडू मारताना त्या फ्रेमखालची जागा जरा जास्तच वेळ झाडायचो. माझा असा समज होता की ती माझी आहे, फक्त चाचांनी अजून सांगितलेलं नाही.

बारावीच्या उन्हाळ्यात एका दुपारी दुकानात मी एकटाच होतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी गिऱ्हाईक येत नाही. बाहेर ठेवलेल्या सायकलीची ट्यूब आपोआप फुटते, त्या आवाजानं जाग येते एवढंच. मी शिडी लावून ती फ्रेम खाली काढली. पुसायला, असं मी स्वतःला सांगितलं.

इथे थोडं कामाचं सांगावं लागेल. पायडल जिथे फिरतात तिथे फ्रेमच्या तळाशी एक आडवी नळी असते. तिच्या दोन्ही तोंडांना आतून आटे पाडलेले असतात आणि त्यात दोन पोलादी वाट्या बसवतात; त्यांना कप म्हणतात. कपांच्या आत छर्रे आणि त्यांवर फिरणारा एक्सल. आपल्याकडच्या सायकलींत डावा कप बाटलीच्या झाकणासारखा उघडतो, आणि उजवा त्याच्या उलट. पायडल मारता मारता तो सैल पडू नये म्हणून तसं केलेलं असतं. नवीन माणसाकडून चाचा पहिल्या दिवशी हेच घोकून घेतात: उजवा कप उलटा फिरतो. उघडताना तो नेहमीसारखा वळवला तर उघडण्याऐवजी आणखी आवळत जातो. जोर लावला तर आटे सोलून निघतात, आणि आटे गेले की फ्रेम गेली.

त्या दुपारी मी त्या फ्रेमच्या उजव्या कपाला पाना लावला. उलट्या बाजूनं हलेना. पाना सटकला आणि कपाच्या काठावर एक ओरखडा उठला. घाबरून पाना काढताना तो सुलट्या बाजूला दाबला गेला, आणि कप हलला. मी काठावरचे बारीक आकडे पुसून वाचले आणि फोनवर शोधत बसलो. संध्याकाळपर्यंत मला कळलं की जगात एक देश असा आहे, जिथल्या जुन्या रेसिंग सायकलींचे दोन्ही कप सुलटेच उघडतात. चाचांना हे माहीत नव्हतं. चाचांनी तशी फ्रेम कधी उघडलीच नव्हती.

मी कप होता तसा आवळला, फ्रेम खुंटीवर ठेवली आणि कोणाला काही बोललो नाही. मी ते जपून ठेवलं. ज्या दिवशी चाचा ती फ्रेम मला देतील, त्या दिवशी रविवारच्या सगळ्या मंडळींसमोर मी उजवा कप सुलटा उघडणार होतो. सगळे म्हणणार, अरे चुकलास, आणि कप अलगद हातात येणार. हा प्रसंग मी मनात इतक्यांदा पाहिला होता की तो घडून गेल्यासारखाच वाटायचा.

मग मंजू आली.

ती सिरोंचाकडची. आयटीआयला वेल्डिंगच्या एका वर्षाच्या कोर्सला आली होती आणि मुलींच्या वसतिगृहात राहायची. तिच्या सायकलीचा मागचा एक्सल तुटला म्हणून एका संध्याकाळी सायकल ढकलत दुकानात आली. मी म्हणालो, ठेवून जा, उद्या मिळेल. ती म्हणाली, "पाना देता का भाऊ? मीच करतो." तिच्या गावापासून सायकलचं दुकान फार लांब, शाळेत जायची सायकल बिघडली की जे हाताशी असेल त्यानं स्वतःच नीट करायची, ही तिची सवय. चाचा चहा पीत बघत होते. तिनं एक्सल बसवला, चाक फिरवलं, आणि मग एक गोष्ट केली जी मी त्या दुकानात कोणालाच करताना पाहिली नव्हती. ती बोटानं चाकाची एकेक तार छेडत गेली. एका तारेपाशी थांबली, तारा आवळायच्या चाबीनं ती अर्धा आटा आवळली, परत छेडली.

चाकाचा आऊट काढणं हे आमच्या कामातलं सर्वात नाजूक काम. मी रिमजवळ खडू धरतो. चाक फिरताना जिथे खडू लागतो तिथे चाक बाहेर आलेलं असतं, मग तिथल्या तारा सैल-आवळ करायच्या. तास जातो. बोटं पांढरी होतात. मी विचारलं, तू हे बघून करत नाहीस? ती म्हणाली, "आवाज येते ना. ढिली तार येगळी वाजते." जसं काही सगळ्यांनाच ते ऐकू येतं. त्या रात्री दुकान बंद करताना मी माझ्या सायकलच्या तारा छेडून पाहिल्या. मला सगळ्या सारख्याच वाजल्या.

चाचा तिला म्हणाले, रविवारी येत जा.

ती येऊ लागली. पाचव्या महिन्यात तिनं भंगारातल्या एका साध्या फ्रेमवर सायकल बांधली, चाचा खिशात हात घालून टाकीपर्यंत गेले, तसेच परत आले, आणि पेटीतून एम काढला. मी तेव्हा हवा भरत होतो. बघितलं नाही, ठोका ऐकला. एकच.

यानंतरचे महिने माझ्या मनाची काय अवस्था होती ते लिहायला मला लाज वाटते. आधी मी त्याला राग म्हणायचो. ती कोणाशी वाईट वागली असती तर राग तरी म्हणता आलं असतं. उलट ती मला भाऊ म्हणायची, माझ्याकडून गिअरचं काम शिकायची, आणि दुसऱ्यांना सांगायची की हे मले सुगतभाऊनं शिकवलं. मला तेही सहन व्हायचं नाही. चाचा चहाचा पहिला कप कोणाला देतात ते मी बघायचो. डंपरवाले आपली चाकं आता कोणाकडे नेतात ते बघायचो. एकदा गेडामभाऊ म्हणाले, पोरीच्या कानात देव हाय, आणि मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नाही. अभ्यासाला बसलो की पुस्तकात तारा दिसायच्या. मी गुपचूप तारा छेडायचा सराव करायचो आणि कोणी आलं की हात काढून घ्यायचो, जसं काही चोरी करतो आहे. मला वाटायचं, मी दोन वर्षं झाडलं, पुसलं, शिव्या खाल्ल्या. हिला फक्त ऐकू येतं. यात माझी काय चूक आणि हिचं काय कर्तृत्व? हा प्रश्न मला अजूनही पडतो. फक्त आता मी तो मोठ्यानं विचारत नाही.

परीक्षेच्या आधीच्या एका रविवारी सगळे जमलेले असताना चाचांनी शिडी मागवली. शिडी मीच आणली. चाचांनी वरच्या खुंटीवरची फ्रेम काढायला सांगितली. ती मीच काढली. खाली देताना माझी खात्री होती की ते आता ती परत माझ्याकडे देतील. त्यांनी फ्रेमवरची धूळ फुंकली आणि मंजूच्या हातात दिली. "ले बेटा. हे तुह्यासाठी टांगून होतं."

ती घेईना. म्हणाली, "चाचा, सुगतभाऊ आहे ना." चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "सुगतचीबी येळ येईन. त्याचा हात अजून घाई करते." आणि मंडळी हसली, अगदी प्रेमानं. मीही हसलो. तिनं माझं नाव घेतलं याचा मला सर्वांत जास्त राग आला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी चाचा नमाजला गेले होते. दुकानात आम्ही दोघंच. मंजूनं फ्रेम शिकंज्यात लावली. डावा कप सहज निघाला. मग तिनं उजव्याला मोठा पाना लावला आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "उजवा कप. म्हंजे उलटा." आणि माझ्याकडे पाहिलं. आपल्याआधी शिकलेल्या माणसाकडे आपण जसं पाहतो, तसं. त्यानं नुसतं हो म्हणावं आणि आपण पुढे जावं, एवढ्यासाठी.

मी मान हलवली की नाही हे मला आता नीट आठवत नाही.

हे वाक्य मी परत वाचलं. ते खोटं आहे. हलवली.

कप हलेना. ती म्हणाली, "जाम आहे. वर्षानुवर्षं बंद आहे ना." तिनं पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला. पाइप लांब असला की जोर कित्येक पट लागतो. शिकंजा हलू लागला तेव्हा तिनं मला फ्रेम धरायला सांगितली. मी धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. मला वाटलं होतं तिला जमणार नाही, ती हरेल, चाचा येतील, आणि मग मी पुढे होऊन कप सुलटा उघडीन. एवढंच माझ्या मनात होतं. फ्रेम जावी असं माझ्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण शपथ घ्यायची वेळ यावी असं वागलोच का, हे सांगता येत नाही. तिनं अंगाचं सगळं वजन पाइपवर टाकलं. आतून कुरकुर असा आवाज आला, मग पाइप एकदम सैल फिरला. तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, कप सुटला.

कप बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर आट्यांची चकचकीत सोलपटं आली, लोखंडाच्या केसांसारखी. तिनं ती एकेक वेचून टेबलावर ठेवली.

चाचा आले. चष्मा लावून त्यांनी कप उजेडात धरला, काठावरचे आकडे पाहिले, नळीत बोट घालून चाचपलं, आणि त्यांना समजलं. "हे तं दोन्हीकडून सुलटंच होतं," ते हळूच म्हणाले. "मलेच नोयतं माहीत. तुही चूक नाई बेटा." मग त्यांनी कप परत उजेडात धरला. अंगठा काठावरून फिरवला आणि एका जागी थांबवला.

"हा ओरखडा आजचा नाई," ते म्हणाले. "याच्यात गंज हाय."

मंजू कपड्याला हात पुसत होती, ती थांबली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो. पण त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायला मला तोंड नव्हतं. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. त्या दिवशी पहिला कप मला दिला. तो चहा मी कसा प्यायलो ते मलाच माहीत.

महिनाभरानं तिचा कोर्स संपला. सिरोंच्याच्या बसच्या टपावर तिनं आपली सायकल बांधली आणि तिच्या शेजारी ती खराब झालेली फ्रेम. चाचा म्हणाले, भंगार कशाला नेते? ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, लोखंड आहे." माझ्याकडून नेलेली तारा आवळायची चाबी तिनं परत केली. "भाऊ, तुही चाबी." बस्स. मला वाटत होतं ती काहीतरी म्हणेल. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी दुकानात जात राहिलो. चाचा पूर्वीसारखेच वागले, हीच काय ती शिक्षा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी माझी जुनी सायकल पुन्हा सगळी सोडवली आणि पहिल्यापासून बांधली. घाई केली नाही. खडू वापरला नाही असं नाही, पण शेवटी तारा छेडल्या, आणि एका तारेपाशी मला खरंच वेगळं ऐकू आलं. त्या क्षणी सगळ्यांत आधी काय वाटलं असेल तर हे, की तिला हे पहिल्या दिवसापासून येत होतं.

चाचा बसले. हात खिशात गेले. टाकीपर्यंत जाऊन सायकल परत येईपर्यंत हात खिशातच होते. त्यांनी पेटी उघडून एस काढला. मी म्हणालो, ऱ्हाऊ द्या चाचा, अजून एक काम बाकी आहे. त्यांनी कोणतं म्हणून विचारलं नाही. पंच पेटीत ठेवला. त्या सायकलीखाली अजून अक्षर नाही. रविवारची मंडळी म्हणतात, पोरगा फार काटेकोर आहे. मी त्यांना तसं म्हणू देतो.

तिला पत्र लिहावं असं ठरवलं होतं. तीन वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी तिसऱ्या ओळीत मी कसा वाईट नाही हे आलं, आणि फाडलं. मग तिच्याबद्दल काही कळायचंच बंद झालं. मी कोणाला विचारतही नव्हतो. खरं सांगायचं तर ती काही करत नसावी, लग्न होऊन कुठे गेली असावी, अशी एक आशा माझ्या मनात होती. ती आशा होती असंच लिहायला हवं, दुसरा शब्द मी शोधून पाहिला.

यंदा पोळ्याच्या आसपास गेडामभाऊ दुकानात आले. त्यांची बदली सिरोंच्याकडे झाली आहे. सुटीवर घरी आले होते. घंटी वाजवतच गल्लीत शिरले. मागच्या चाकाचा आऊट काढायचा होता. मी चाक फिरवायला घेतलं आणि ते स्टुलावर बसून बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, तुमची ती पोरगी तिकडं भेटली.

सिरोंच्यात बसस्टँडच्या मागे तिनं वेल्डिंगचं दुकान टाकलं आहे. दाराच्या जाळ्या, नांगराचे फाळ, मासेमारांच्या डोंग्यांची लोखंडी कडी, जे येईल ते. रविवारी दुकान बंद ठेवते आणि तिथल्या वसतिगृहाच्या सहा-सात मुली भंगारातून सायकली बांधायला येतात. त्यातल्या दोघी तिच्याशी तेलुगूतच बोलतात. ती ज्या सायकलीवर फिरते ती पाहून भाऊ थांबले होते, कारण एवढी हलकी सायकल त्यांनी तिकडे पाहिली नव्हती. फ्रेम तीच. सोललेल्या नळीत तिनं स्वतः पितळ भरलं, गोदावरीपलीकडच्या एका लेथवाल्याकडून नवे आटे पाडून घेतले, होते तसेच, दोन्हीकडून सुलटे. भाऊ त्या सायकलीवर बसून पुलापर्यंत जाऊन आले.

"हात सोडून?" मी विचारलं.

"सोडून. नाकासमोर जाते," ते म्हणाले.

मी चाक परत फिरवलं. परत तेच जळणं, दोन वर्षांपूर्वीचं, जसंच्या तसं. मला वाटलं होतं ते गेलं.

मग भाऊंनी सांगितलं की एक गोष्ट मात्र त्यांना समजली नाही. खाली उजव्या कपाशेजारी तिनं पिवळ्या ऑइलपेंटनं बाण काढला आहे, कप कुठल्या बाजूनं उघडतो ते दाखवणारा. तिच्या दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक सायकलीला तसा बाण असतो. जिथे चाचा अक्षर ठोकतात, तिथे. भाऊंनी तिला विचारलं होतं, बाण कशाला, सायकलवाल्याला माहीतच असतं की.

"तं म्हने कशी," गेडामभाऊ म्हणाले, "उद्या कोनी खोलन तं त्याले समजाव. बाजूले कोनी उभा असल, त्याले माहीतबी असल, तरी तो सांगनच असं नाई ना भाऊ."

चाक फिरत होतं. कुठेतरी एक तार ढिली होती.

"मले तं काई समजलं नाई बावा," ते म्हणाले. "तुले समजलं का?"

मी हो म्हणालो.